2 स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: धामणीचं धनुष्य, त्यातली गाठ आणि रंधा

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. स्टार किती द्यायचे तो तुमचा हक्क आहे, पण शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की आता गावातल्या सुताराकडून गाठीवर रंधा मारून घेतो. ते वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन लावला, लागला नाही, म्हणून इथंच लिहायलोय. दादा, रंधा मारू नका. पॉलिश पेपरसुद्धा लावू नका. बाकीचं सगळं नंतर.

इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो, दादांच्या तक्रारी अशा की धनुष्य वाकडं आहे, गाठीपाशी फुगवटा तसाच ठेवलाय, 45 पौंडाचं (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं) सांगून 39 चं दिलं, दोरी काढली तरी पूर्ण सरळ होत नाही, आणि दिवाळीत दिलेलं लाकूड आखाडात हातात मिळालं. वर ऑनलाइन फायबरग्लासचं याच्या अर्ध्या किमतीत येतं असंही म्हणायलेत.

आता लाकूड आमचं नव्हतं. किनवटकडं मामांच्या बांधावरची धामण पडली, तिचा फाडलेला तुकडा तुम्ही स्वतः घेऊन आलात आणि धनुष्य याचंच पाहिजे म्हणालात. धामण चिवट, कुऱ्हाडीचे दांडे, काठ्या, धनुष्य यालाच वापरत आलेत लोक, त्यामुळं झाडाबद्दल शंका नव्हतीच. तुकडा मात्र अवघड होता आणि तसं मी त्याच दिवशी बोललो होतो. ओला होता, एका अंगाला वळलेला होता, खालच्या हातात (म्हणजे धनुष्याच्या मुठीखालच्या भागात) अंगठ्याएवढी गाठ, आणि साल काढल्यावर दिसलं की टोकाला पडलेला बारीक तडा सरळ न जाता तिरका उतरत गेलाय. तडा कायम लाकडाच्या रेषेनंच जातो, म्हणजे आतून पीळ आहे हे तिथंच कळलं. दुकानात विकत घेताना असा तुकडा मी उचलत नाही, पण तुमचा जीव त्यात होता म्हणून घेतला आणि मन लावून केला.

वेळ का लागला? ओल्या लाकडाला घाई केली तर ते फाटतं आणि आपल्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे, 42 च्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात उघडं ठेवलं की टोकापासून चिरत येतं. म्हणून दोन्ही टोकांना फेव्हिकॉलचा जाड थर दिला, गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवलं आणि अधूनमधून काट्यावर ठेवून वजन बघत राहिलो. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच हत्यार लावलं. ओल्या लाकडाचं धनुष्य पहिल्याच आठवड्यात बसतं, म्हणजे वाकलेलंच राहतं, परत उठत नाही.

आता वाकडेपणा. धनुष्याची जी बाजू निशाण्याकडं असते ती पाठ, आपल्याकडची ती पोट. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवरचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पाहिजेत, मधेच कापले की तिथूनच चिरफाळी उठते. म्हणून तुमच्या धनुष्याची पाठ म्हणजे सालीखालचं पहिलं लाकूड आहे, तिला हत्यार लागलेलंच नाही. लाकूड जिकडं वळलं तिकडं मी वळलो. मी ते रंध्यानं फळीसारखं सरळ केलं असतं तर दिसायला छान दिसलं असतं आणि 28 इंचापर्यंत ओढलं की तुमच्या कानाशी फुटलं असतं. जेवढं सरळ करायला पाहिजे होतं तेवढं वाफेवर मऊ करून शिकंज्यात दाबून केलंय. एकदा दोरी चढवून टोकाकडून डोळा लावून बघा, दोरी मुठीच्या बरोबर मधून जाते. धनुष्य सरळ आहे की नाही हे त्या दोरीवरून ठरतं, बाहेरच्या रेघेवरून नाही.

गाठीचं पण तेच. गाठीभोवती तंतू वळसा घालून जातात आणि मधला भाग कमजोर असतो, म्हणून तिथं मुद्दाम लाकूड जास्त ठेवतात. ही काही माझ्या डोक्यातली गोष्ट नाही. इंग्लंडचं मेरी रोज नावाचं जहाज 1545 ला बुडालं आणि 1982 ला वर काढलं, त्यात यू झाडाची शंभरावर धनुष्यं सापडली, त्यांच्यावरही गाठीपाशी असे उंचवटे ठेवलेले आहेत. तुमच्या सुतारभाऊंचा हात चांगलाच असेल, पण दरवाज्याला रंधा मारणं वेगळं आणि ज्या लाकडाला तोंडापाशी ओढून सोडायचंय त्याला मारणं वेगळं. तो फुगवटा गेला की खालच्या हाताचा सगळा वाक त्या एका जागी गोळा होणार आणि तिथं ते बसणार किंवा तुटणार.

पौंडांचा हिशोब सांगतो. तुमच्याच फोटोत बॅगा मोजायचा काटा 17.7 किलो दाखवायलाय आणि बाण 26 इंचाला ओढलेला आहे. 17.7 किलो म्हणजे 39 पौंड. मी 45 लिहून दिलं ते 28 इंचाला, स्लिपवर आहे. अशा धनुष्यात शेवटच्या इंचांना अडीच ते तीन पौंड पडतात, दोन इंच कमी ओढलं की पाच-सहा पौंड गेले. त्यात पावसाळी हवेत लाकूड ओलावा धरतं आणि अजून थोडं नरम होतं. तुमचा हात 26 लाच येतो तर तिथं 45 करता येईल का, तर टोकं कापून करता येतं, पण या गाठीच्या जिवावर मी ते करणार नाही.

आणि दोरी काढल्यावर राहणारा वाक. एकसंध लाकडाचं धनुष्य इंचभर तरी बसतंच, तुम्हाला दिलं तेव्हा तेवढाच होता. तुम्हीच लिहिलंय की हॉलमध्ये दोरी लावूनच टांगलंय. दादा, मारून झालं की लगेच दोरी उतरवा, आणि आडवं दोन खुंट्यांवर ठेवा. चढवलेलं राहिलं की पोटाकडचं लाकूड दिवसरात्र दाबलेलं राहतं.

देण्याआधी काय तपासलं तेही सांगतो, कारण तुम्ही 'बघितलं तरी का' असं विचारलंय. भिंतीवरच्या टिलरवर, म्हणजे धनुष्य ओढून त्याचा वाक बघायच्या चौकटीवर, बसवून कप्पीच्या दोरीनं लांबून ओढायचं, कुठला भाग कडक राहतो ते बघायचं, खाली घेऊन पोटाकडून तेवढंच खरवडायचं, परत चढवायचं, असं एकेक इंच पुढं. गाठीच्या पुढचा वीतभर भाग फार कडक होता, तिथं रंधा न लावता काचेच्या तुकड्यानं खरवडलंय, भुकटीसारखं लाकूड निघतं. नंतर पाठीवरून कापसाचा बोळा फिरवला, एक धागा अडकला नाही. बाण मारमारून झाल्यावर पोटावर नख फिरवून आडव्या सुरकुत्या शोधल्या, नव्हत्या. मग जवसाचं तेल पाजलं, वाळू दिलं, परत पाजलं.

फायबरग्लासचं स्वस्त आहे आणि त्याला पावसाचं काही होत नाही, हे खरंय. पण ते मामांच्या बांधावरच्या धामणीचं होत नाही. भाच्याला इंडियन राउंडच्या, म्हणजे बांबूच्या देशी धनुष्याच्या, स्पर्धेला उतरवायचं असेल तर बांबूचं घ्या, तिथं पोरं त्यावरच 50 आणि 30 मीटर मारतात, मी चांगलं कुठं मिळेल ते सांगतो.

सोमवार सोडून कधीही धनुष्य घेऊन या, तुमच्यासमोर टिलरवर चढवतो, 28 ला काटा लावून दाखवतो, पैसे नाहीत. येताना बाण पण आणा. फोटोतले कार्बनचे बाण हलके वाटायलेत, आणि हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडल्यासारखं, सगळा झटका लाकडावर येतो. 39 पौंडाला बाण 25 ग्रॅमच्या खाली नको. वजन करून बघू, आणि तोपर्यंत त्या बाणांनी मारू नका.