धप्पा, गिऱ्हा आणि एक स्वीडिश गेम

हॉरर गेम म्हटलं की मला हसू यायचं. यायचं म्हणतोय, कारण गेल्या श्रावणात ते थांबलं. कसं थांबलं ते लिहितोय. पोस्ट लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचा गाव वेंगुर्ले तालुक्यातला. शेजारी आरवलीच्या वेतोबाला लोक चपलांचे जोड वाहतात. देव रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. आमच्या व्हाळाच्या कोंडीत गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, पाणंदीत चकवा, वडाखाली आणखी कोणीतरी. माझा यातल्या कशावर विश्वास नाही, पण लहानपणी भीतीचं शिक्षण याच शाळेत झालं. अशा माणसाला तुम्ही झोंबी दाखवून घाबरवणार? भाच्याच्या मागे उभं राहून मी असले पुष्कळ गेम बघितले होते. अंधारी खोली, मग एकदम मोठा आवाज आणि स्क्रीनभर एक सडकं थोबाड. ही भीती नव्हे, हा लपाछपीतला धप्पा. दचकलो, संपलं. वर हातात ही एवढी बंदूक. बंदूक हातात असताना घाबरायचं कशाला?

तर हा भाचा पुण्याहून चार दिवस आला आणि जाताना माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट' टाकून गेला. गेम 2010 चा, स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या कंपनीचा. जुना असल्यामुळेच त्या डबड्यावर चालला. "मामा, रात्री हेडफोन लावून खेळ, मग बोल." बोलायला मी तयारच होतो. पोस्टचं शीर्षकसुद्धा डोक्यात होतं.

गोष्ट 1839 सालची. डॅनियल नावाचा माणूस प्रशियातल्या एका किल्ल्यात जागा होतो. त्याला काहीच आठवत नाही, कारण आठवण पुसणारं औषध त्यानं स्वतःच घेतलेलं असतं. हत्यार नाही. अख्ख्या गेममध्ये एक काठीसुद्धा मिळत नाही. मिळतो तो कंदील, थोडं तेल, आणि मेणबत्त्या-मशाली पेटवायला चकमकीच्या डब्या, त्याही मोजक्या. अंधारात राहिलं की डॅनियलचं डोकं फिरायला लागतं, चित्र लहरतं, दात वाजल्याचा आवाज येतो. उजेडात राहावं तर तेल जातं आणि जे काही फिरतंय त्याला आपण दिसतो. आणि त्याच्याकडे टक लावून पाहिलं तर डोकं आणखी लवकर फिरतं.

इथे मी पहिल्यांदा सावरून बसलो. कारण हा हिशोब माझ्या ओळखीचा होता.

आम्ही लहानपणी जत्रेतला दशावतार बघून पहाटे तीनच्या सुमाराला चालत घरी यायचो. हातात माडाच्या झावळाची चूड. चूड हलवत राहिली तर पेटती राहते, पण जास्त हलवली तर भसाभस जळून जाते. आजीचं गणित पक्कं असायचं. गडग्यापर्यंत चांदण्यात चालायचं, चूड पेटवायची ती साकवाच्या अलीकडे, कारण साकवावर उजेड हवाच. आणि मागून काही वाजलं तर वळून बघायचं नाही. आजीला कोणी गेम डिझाइन शिकवलं नव्हतं, पण उजेड मोजून वापरायला लावला आणि बघायला बंदी केली की माणूस आपणहून घाबरतो, हे तिला नक्की ठाऊक होतं. आम्ही पोरं त्या साकवावरून कशी जायचो ते आठवलं तरी अजून पोटात कालवतं, आणि तिथे आम्हाला कधीही, काहीही दिसलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, दारं. या गेममध्ये दार बटण दाबून उघडत नाही. माऊसनं दार धरायचं आणि हात मागे-पुढे करून ओढायचं. म्हणजे दोन बोटांची फट करून डोकावता येतं, आणि पळत आलात तर घाईत दार उलटीकडे ढकललं जातं. आमच्या माजघराचं दार पावसात फुगतं, तेव्हा अगदी असंच होतं. किती साधी युक्ती! पण त्यामुळे दार गेमचं राहत नाही, तुमच्या मनगटात येतं.

मग आला पाण्याचा भाग. तळघरात गुडघाभर पाणी, त्यात खोके आणि फळ्या पडलेल्या. मी पाण्यात उतरलो आणि थोड्या अंतरावर छपाक. मग आणखी जवळ छपाक, छपाक. समोर कोणीच नाही. पाण्यावर पावलं उमटताहेत, एकेक करत माझ्याकडे येताहेत, आणि त्यांच्या वर नुसती हवा! कसाबसा एका खोक्यावर चढलो. ते खोक्याभोवती फिरून थांबलं. वर चढता येत नाही त्याला. तिथे मांसाचे तुकडे पडलेले असतात. एक उचलून लांब फेकला की ते तिकडे धावतं, आणि तेवढ्यात आपण पुढच्या खोक्यावर.

सांगायला लाज वाटते, पण मी त्या खोक्यावर दहा मिनिटं उभा होतो. बाहेर खरा पाऊस, पागोळ्या खळ्यात पडताहेत. आता हेडफोनमधलं पाणी कुठलं आणि दारातलं कुठलं तेच कळेना, म्हणून हेडफोन काढले. तर दारातलंच जास्त वाईट वाटायला लागलं. आणि तेवढ्यात लाईट गेली, ती आमच्याकडे श्रावणात जातेच. त्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकते. म्हणजे आत तेल संपत आलेलं आणि बाहेर बॅटरी. मी मुकाट्यानं लॅपटॉप मिटला आणि मागीलदाराला कडी आहे का ते बघून आलो. दोनदा. गिऱ्हा नाही यावर माझा विश्वास अजूनही पक्का आहे, हे नोंदवून ठेवतो.

उगाच डोक्यावर घेत नाही, पुढे पुढे गेम सैलावतो. जिथे तिथे पडलेल्या वहीच्या पानांतून गोष्ट सांगायचा सोस फार. डॅनियलची डोकं फिरण्याची नाटकंही नंतर कंटाळवाणी होतात. डोकं पार फिरलं तरी तो कोसळतो, थोडा सरपटतो आणि पुन्हा उठतो, मरत नाही. हे एकदा कळलं की निम्मी भीती गेली. आणि जी भुतं दिसतात, त्यांचा लटकता जबडा तिसऱ्यांदा पाहिल्यावर मला सरळ हसू आलं. सगळ्यात भारी निघालं ते पाण्यातलं, जे कधी दिसलंच नाही. आपल्याकडच्या भुतांच्या मालिकावाल्यांनी हा एकच भाग बसून खेळावा. पहिल्याच भागात हडळ केसबीस सोडून कॅमेऱ्यात येते, मग पुढचे दोनशे भाग तुम्ही दाखवणार काय?

गेम मी महिनाभरात संपवला. भाच्याला फोन करून हरलो म्हणून सांगितलं. त्यानं ते रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकलं, ते जाऊ दे.

पण एक राहिलं. पाण्याचा तो भाग मी परत एकदा खेळत होतो, तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. आजीबरोबर चूड घेऊन चाललेली बाई ती. बराच वेळ काही बोलली नाही. मी खोक्यावर उभा, कंदील पेटता, खाली छपाक छपाक. मला वाटलं, आता विचारणार की ह्या काय भुताटकी. तर म्हणते कशी,

"झिला, कंदील बारीक कर. तेल संपतला."

त्या कंदिलाला वात कमी-जास्त करायची सोय नाही, एक तर पेटता नाही तर विझलेला. तिला तसं सांगितलं. तिनं स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मगे तो कंदील कसलो?"