दिसले की वाटले?

वादाचे निमित्त क्षुल्लक होते. आम्ही एका मित्राची वाट पाहत होतो. वळणावरून येणाऱ्या माणसाला पाहून मी हात उंचावला, "आला बघा एकदाचा" असे म्हटले, आणि तो जवळ आल्यावर भलताच कोणी निघाला. सगळे हसले, पण आमच्यातल्या मानसशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने विचारले, "तू चुकीचे पाहिलेस, की बरोबर पाहून चुकीचा अर्थ लावलास?"

न्यायदर्शनाचा, म्हणजे तर्क आणि ज्ञान यांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाचा, व्यासंग असलेल्या मित्राकडे उत्तर तयार होते. त्या दर्शनाच्या मूळ ग्रंथानुसार, न्यायसूत्रांनुसार, इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संपर्कातून, उपजलेले ज्ञान अव्यभिचारी, म्हणजे न चुकणारे असेल, तरच ते प्रत्यक्ष ठरते. त्यामुळे दोरीच्या जागी दिसलेला साप काय किंवा अनोळखी माणसाच्या जागी दिसलेला माझा मित्र काय, दोन्ही भ्रमच. मला ही पळवाट वाटली. खऱ्या मित्राला ओळखताना जे वाटते, नेमके तेच मला त्या क्षणी वाटले होते. मग नंतर चूक कळली एवढ्यावरून आधीचे पाहणे रद्द कसे होईल?

मानसशास्त्रवाल्याने वेदन आणि संवेदन यांतला फरक पुढे केला. डोळ्यावर प्रकाश पडणे हे वेदन; त्यातून 'समोर माणूस आहे' असा बोध होणे हे संवेदन. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने या दुसऱ्या पायरीला नकळत होणारे अनुमान म्हटले होते. दृष्टिपटलावर ज्या ठिकाणाहून चेता, म्हणजे मज्जातंतू, मेंदूकडे निघते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, तरीही एक डोळा मिटून पाहिले असता दृश्याला भोक पडलेले दिसत नाही. उरलेली जागा कोणीतरी भरून काढते, आणि ती भरल्याची आपल्याला वार्ताही नसते.

"अनुमान असेल, तर चूक कळल्यावर ते बदलायला हवे," असा आक्षेप आमच्या अभियंत्याने घेतला, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटला. 1889 साली म्युलर-लायर या जर्मन अभ्यासकाने प्रसिद्ध केलेल्या दृष्टिभ्रमाच्या आकृतीत सारख्याच लांबीच्या दोन रेषांच्या टोकांना बाण असतात, एकीला आत वळलेले आणि दुसरीला बाहेर फाकलेले. पट्टीने मोजून खात्री करून घेतली तरी फाकलेल्या टोकांची रेष लांबच दिसते. माझ्या बाबतीत मात्र उलट घडले होते, कारण चूक कळल्यानंतर त्या अनोळखी चेहऱ्यात मित्र पुन्हा दिसेना. याचा अर्थ, माझ्या मते, पाहण्यात अनुमानाचे एकाहून अधिक थर असले पाहिजेत: काही आपल्या माहितीला दाद देतात, काही मुळीच देत नाहीत.

हे थर जन्मतः मिळतात का? जन्मांधाला दृष्टी आली तर स्पर्शाने ओळखीचे असलेले घन आणि गोल त्याला नुसत्या नजरेने ओळखता येतील का, असे मॉलिन्यू या आयरिश विचारवंताने 1688 साली इंग्रज तत्त्वज्ञ लॉकला पत्राने विचारले होते. भारतात शस्त्रक्रियेनंतर दृष्टी मिळालेल्या पाच मुलांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना प्रथम डोळ्यांनी ओळखता आली नाही. काही दिवसांतच मात्र ती येऊ लागली. नजर आणि स्पर्श यांची सांगड तयार मिळत नाही, एवढे तरी यातून दिसते.

न्यायवाला अजून हटला नव्हता. "तुझी चूक दुरुस्त कशाने झाली?" त्याने विचारले. "तो माणूस जवळ आल्यावर तू पुन्हा डोळ्यांनीच पाहिलेस ना?"

"तेही अनुमानच," मानसशास्त्रवाला म्हणाला.

"असेल," मी म्हणालो, "पण या खेपेला तो दहा पावले जवळ होता, आणि मी कोणाची वाट पाहत नव्हतो."