नाणं परत काढलं तर बिघडलं कुठे?

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या नाणीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या जो तमाशा चाललाय तो रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये वाचला आणि उरलेली शिफ्ट नुसती चिडचिड करण्यात गेली. विषय काय, तर एका सोनाराने पोर्तुगालच्या दोम लुईश राजाच्या १८८१ च्या रुपयाचा साचा बनवून ९९९ शुद्धतेच्या चांदीत नाणी पाडली आणि पुढे गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या नाण्यावरचा सिंह सोन्यात काढणार असं सांगितलं. झालं! अर्धे म्हणाले ही फसवणूक, अशाने खऱ्या नाण्याची किंमत जाते. बाकीचे म्हणाले "आमकां कित्याक जाय पोर्तुगेजांचो राजा?" (आम्हाला कशाला हवा तो?) आणि सिंहाचं नाव निघाल्याबरोबर ह्याच मंडळींचं सुरू, बुकिंग कधी, तोळ्यात की ग्रॅममध्ये. म्हणजे नक्कल वाईट नाही, राजा वाईट. मग तसं सरळ सांगा ना.

इथे इंग्लंडमध्ये, मी राहतो तिथे, २०१९ मध्ये रॉयल मिंटने, म्हणजे इथल्या सरकारी टांकसाळीने, विल्यम वायन ह्या जुन्या कारागिराचं युना अँड द लायन हे नाणं परत काढलं. मूळ नाणं १८३९ चं, तरुण व्हिक्टोरिया राणी आणि तिच्याबरोबर चालणारा सिंह. नवीन सोन्यात आणि चांदीत आलं आणि लगेच संपलं. जुन्या युनाची किंमत पडली का? नाही पडली. सॉव्हरिन ह्या इंग्रजी सोन्याच्या नाण्यावरचा घोड्यावर बसून ड्रॅगन मारणारा सेंट जॉर्ज पिस्त्रुच्ची नावाच्या इटालियन माणसाने १८१७ साली केला, आणि आजही तेच चित्र छापतात. अमेरिकेने २०२१ ला आपला जुना मॉर्गन डॉलर परत काढला, मूळ ९० टक्के चांदीचा आणि नवा ९९.९, तर लोकांच्या गर्दीने तिथल्या मिंटची वेबसाइट बंद पडली. इथलेही कलेक्टर कुरकुरतात हां, एकाच चित्राच्या इतक्या साइझ काढतात की पगार पुरत नाही, पण ते माझ्या मुद्द्याला सोयीचं नाही म्हणून सोडतो.

आता फसवणुकीचं. ह्यात तथ्य आहे, पण ग्रुपवर कुणी नेमकं बोललं नाही. नव्या युनावर नवीन साल आहे, पुढच्या बाजूला त्या वेळच्या राणीचं तोंड आहे, त्यामुळे कुणी ते १८३९ चं म्हणून विकूच शकत नाही. अमेरिकेत तर १९७३ पासून कायदाच आहे, नक्कल असेल तर तिच्यावर तसा शब्द उठवायला हवा. आमच्या सोनाराच्या नाण्यावर काय, तर नुसतं १८८१. मूळ रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा, ह्याचा दहा ग्रॅम, म्हणजे आज काट्यावर टाकलात तर कळेल. पण वीस वर्षांनी राखेत घासून, थोडा काळवंडवून हाच रुपया म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चादरीवर पडलेला असेल आणि कुणीतरी बिचारा तो मूळ म्हणून घेऊन जाईल. भांडायचं तर ह्याच्यावर भांडा. नाण्यावर नवं साल उठवा, वजन उठवा, शुद्धता उठवा आणि मग खुशाल दोम लुईश काढा.

आणि राजाचं म्हणाल तर तो १८८१ चा रुपया गोव्यात पाडलेलाच नाही हो! इंग्रजांबरोबर तह झाला आणि नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली, इंग्रजी रुपयाच्याच वजनाची. राजा लिस्बनचा, टांकसाळ इंग्रजांची, चालणार आमच्या बाजारात. मग ते नाणं नक्की कुणाचं? आणि दिवाळीला लक्ष्मीपूजनात राणीछाप रुपया ठेवतात त्याचं काय? सोनार अजून व्हिक्टोरिया आणि पाचव्या जॉर्जची तोंडं नव्या चांदीत पाडून विकतात, लोक हळदकुंकू लावून पूजा करतात, तेव्हा कुणाची अस्मिता दुखत नाही. पुतळ्यांची माळ घ्या. व्हेनिसच्या डुकाट ह्या सोन्याच्या नाण्याची नक्कल करत करत आमच्याकडच्या सोनारांनी पुतळी केली, बायकांनी त्यात राम-सीता बघितली आणि गळ्यात घातली. माझ्या आजीची माळ सुनेकडे गेली, आता माझ्या चुलत बहिणीकडे आहे, त्या घरात आजपर्यंत कुणी विचारलं नाही की ही ओरिजिनल का डुप्लिकेट. सोनं खरं आहे ना, मग बस.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा चढ्या आवाजातच लिहिलं, इथल्या मिंटचे फोटो वगैरे टाकून. तर उत्तर आलं, "तूं थंयच राव, तुका कित्याक पडलां?" म्हणजे तू तिथेच रहा, तुला काय पडलंय.

लागलं. कारण मी इथे राहतो तो त्याच राजाच्या देशाच्या पासपोर्टवर. स्विंडनमध्ये आम्ही गोंयकार बहुतेक तसेच, आजोबांचा पोर्तुगीज राजवटीतला जन्मदाखला काढून, लिस्बनला नोंद करून आलेले, मग ब्रेक्झिट झालं तेव्हा सेटल्ड स्टेटसची, म्हणजे इथे राहायच्या हक्काची, धावपळ. मला पोर्तुगीजमध्ये दुकानात ब्रेडसुद्धा नीट मागता येत नाही. ग्रुपवर राजाविरुद्ध सगळ्यात मोठ्याने ओरडतोय त्याच्या मुलाचे कागद सध्या लिस्बनलाच अडकलेत, हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आम्ही दोघंही लिहीत नाही. पासपोर्ट चालतो, नाणं चालत नाही. नाण्यावरचा राजा निदान उघड दिसतो, पासपोर्टवर तो कुठे दिसतो.

मी युना घेतलं, चांदीचं, वर २० टक्के व्हॅट भरून. बायको म्हणाली, ह्यांची राणी आपल्या घरात कशाला? तिला काय सांगणार, की ह्याच वायनने कंपनी सरकारच्या १८४१ च्या मोहोरेवरचं राणीचं तोंड केलं, त्या मोहोरेच्या मागच्या बाजूलाही सिंह आहे, ताडाखालून चाललेला, आणि तो सिंह आमच्यावर राज्य करणारा होता. सांगितलं नाही. मला सिंह हवा होता आणि जो मिळत होता तो घेतला. कदंबांचा सिंह कुठे मिळतो? चारेक ग्रॅमचं सोनं, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला नागरीत श्री सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिळालेला राजा अशी अक्षरं. त्या सप्तकोटीश्वराचं गोव्यातल्या नार्वे गावचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये परत बांधून घेतलं. मूळ नाणं परवडण्यासारखं नाही, आणि परवडलं तरी शंभर वर्षांहून जुनी वस्तू सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. कायदा बरोबरच आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. म्हणूनच तर नवीन हवं ना, जे कपाटात ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

माझं एवढंच म्हणणं की हे सोनारावर का सोडायचं. कलकत्त्याची टांकसाळ अजून चालू आहे, पोर्तुगीजांचा रुपया पाडला तर आमचा सिंहही पाडेल. गोवा सरकारने दिल्लीला मागणी करावी. फक्त एक, २०२३ च्या ७५ रुपयांच्या नाण्यासारखी अर्धी चांदी आणि बाकी तांबं-निकेल-जस्त असं नको, सरळ ९९९ द्या, वीस ग्रॅम, सोन्यात काढलंत तर ते फक्त पणजीचे बिल्डर घेतील. दोम लुईशचा रुपयाही त्याच सेटमध्ये घाला, ज्याला नको त्याने सिंह तेवढा ठेवावा आणि राजा मला विकावा. बुकिंग सुरू झालं की कळवा, पत्ता मी फोंड्याचाच देणार, इथे मागवलं तर परत व्हॅट आणि वर कुरियरवाल्याची फी.