हात धुतले होते

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी बीपी मोजण्यात नापास झाले.

मी डॉक्टर आहे. फिजिशियन. २६ वर्षं झाली. इतक्या वर्षांत किती दंडांना पट्टा गुंडाळला असेल याचा हिशोब मंगळवारी रात्री झोप येईना म्हणून करून पाहिला. आकडा इथे देत नाही, उगाच स्वतःचीच कीव येते.

विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा कशी घ्यावी आणि त्यांना फीडबॅक कसा द्यावा यावर आम्हा शिकवणाऱ्यांची कार्यशाळा होती. हजेरी सक्तीची. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात आलं की परीक्षकांनी आधी स्वतः विद्यार्थी होऊन ही परीक्षा देऊन बघावी. कल्पना उत्तम आहे, हे मी मान्य करते. दातओठ खात, पण मान्य करते.

या परीक्षेला म्हणतात ऑस्की. ओळीने टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलावर एक काम. घंटा झाली की काम सुरू, पुन्हा घंटा झाली की पुढचं टेबल. शेजारी परीक्षक हातात चेकलिस्ट घेऊन बसणार आणि केलं-नाही केलं अशा खुणा करणार. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली ही पद्धत मांडली. त्याआधी, आणि आमच्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं, सगळा भर 'लाँग केस'वर. पेशंटजवळ तुम्हाला एकटं सोडून द्यायचे. तासाभराने परीक्षक यायचे आणि काय सापडलं ते विचारायचे. तुम्ही पोटाला हात तरी लावला का, हे बघायला कुणी नसे. मी माझ्या शेवटच्या परीक्षेत 'प्लीहा दोन बोटं लागते', म्हणजे पाणथरी वाढलेली आहे, असं ठणकावून सांगितलं आणि पास झाले. ती प्लीहा माझ्या बोटांना लागली नव्हती. बाहेर वॉर्डबॉयने सांगितली होती.

तर, तिसरं टेबल. रक्तदाब मोजा, वेळ पाच मिनिटं.

परीक्षकाच्या खुर्चीत माझीच एक जुनी विद्यार्थिनी. मला बघून अर्धी उठली, मग आपण परीक्षक आहोत हे आठवून पुन्हा बसली. आणि समोर ते काका.

काका म्हणजे सिम्युलेटेड पेशंट, पेशंटचा रोल करायला तयार केलेला धडधाकट माणूस. या लोकांबद्दल मला आदर आहे. अख्खा दिवस अनोळखी हात पोटात खुपसून घ्यायचे आणि प्रत्येक वेळी तितक्याच कळवळ्याने विव्हळायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. पण काकांचा स्वतःबद्दलचा आदर माझ्या आदरापेक्षा बराच पुढे गेलेला होता.

"मी मूळचा छातीत दुखण्याचा," मी स्टेथो कानाला लावायच्या आतच ते हळूच म्हणाले. "बीपीला मला बसवत नाहीत. आज माणूस कमी पडला."

"अस्सं."

"बीपीत रोल काय आहे? नुसता हात. छातीत दुखण्यात मी घाम आणतो."

परीक्षक खाकरली. काका गप्प झाले, पण चेहऱ्यावर 'असे दिवस आलेत' हा भाव कायम. एव्हाना मी सॅनिटायझरच्या बाटलीचा खटका दाबला होता. बाटली रिकामी. परीक्षक म्हणाली, "मॅडम, केल्यासारखं करा." म्हणून मी केल्यासारखं केलं. दोन्ही तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मी नाव सांगितलं, काय करणार ते सांगितलं, परवानगी घेतली. काकांनी दिली, पण बोट छताकडे करून, एखाद्या राजाने अभय द्यावं तशी. आणि मग त्यांची नजर सारखी खाली जाऊ लागली. एकदा माझ्याकडे, एकदा खाली. मला वाटलं काही पडलंय. मग दिसलं, काकांनी पायावर पाय टाकला होता. मुद्दाम. सापळा होता तो! पायावर पाय असला तर बीपी जास्त येतं, म्हणून पाय सरळ आणि जमिनीला टेकलेले हवेत, पाठीला आधार हवा, हात छातीच्या पातळीला हवा.

"पाय खाली ठेवता का?"

"शाब्बास," काका ओठ न हलवता म्हणाले.

मी पट्टा बांधायला घेतला तर काकांनी हात आखडून घेतला. "विचारा ना."

"काय?"

"लघवीचं."

खरंच विचारायचं असतं. मूत्राशय भरलेलं असलं तरी बीपी वर जातं. अर्ध्या तासात चहा, कॉफी, सिगरेट, धावपळ झाली का तेही विचारायचं. मी विचारलं. काकांनी प्रत्येक प्रश्नाला मान डोलावली, गवई मैफलीत समेवर डोलावतो तशी. उत्तर मात्र एकाचंही दिलं नाही. 'चहा नाही घेतला' हे वाक्य त्यांच्या रोलच्या कार्डावर नव्हतं म्हणे. मी म्हटलं, खरोखर घेतलाय का? तर म्हणाले, "खरोखर म्हणजे कोणी? मी, की पेशंटने?"

इथे मला थोडं बाजूला जाऊन बोलायचं आहे. बीपी मोजण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवावं, असं बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आणि हे टेबल आहेच पाच मिनिटांचं. म्हणजे नियम पाळला तर घंटेपर्यंत मी आणि काका एकमेकांकडे बघत बसणार आणि पट्टा बांधायला पुढचा उमेदवार येणार. दुसरा नियम असा की मोजताना पेशंटने बोलू नये आणि त्याला बोलायला लावू नये. आणि चेकलिस्टवर संवादाचे मार्क वेगळे! आपुलकी दाखवली का, शंका विचारल्या का. बोलू नये अशा माणसाशी पाच मिनिटांत आपुलकीने काय बोलायचं, हे ज्याने ही चेकलिस्ट केली त्याने मला एकदा करून दाखवावं. मी शेजारी पेन घेऊन बसते.

असो. पट्टा बांधला. नाडीवर बोट ठेवून आधी अंदाज घेतला, नाडी गेली तिथून तीस वर नेला आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या चालीने हवा सोडत कान देऊन ऐकलं. कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनने १९०५ साली हे आवाज सांगितले, त्याला १०० वर्षं उलटून गेली तरी अजून आपण त्याच ठकठकीवर जगतो आहोत. ठक पहिली १६८ ला. शेवटची ९८ ला.

"एकशे अडुसष्ट, अठ्ठ्याण्णव," मी म्हटलं.

परीक्षकाचं पेन थांबलं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू रंगमंचावर मी भलत्याच नाटकातलं वाक्य म्हटलं. मग मान पुढे करून, केवळ माझ्या भल्यासाठी, कुजबुजले, "एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. मॅडम, कार्डावर आहे."

घंटा झाली.

मग फीडबॅक. १९८४ सालचे पेंडलटन यांचे नियम आदल्या दिवशी आम्हाला शिकवले होते. शिकणाऱ्याने आधी स्वतःचं काय चांगलं झालं ते सांगायचं, मग बघणाऱ्याने चांगलं ते सांगायचं, मग काय सुधारता येईल ते पुन्हा त्याच क्रमाने. हेतू असा की माणूस एकदम कोलमडू नये. प्रत्यक्षात काय होतं, तर कौतुक सुरू झालं रे झालं की माणूस पुढच्या फटक्यासाठी अंग आवळून बसतो.

"मॅडम, तुम्हाला स्वतःला काय चांगलं झालं असं वाटतं?"

"बीपी," मी म्हटलं.

ती खाली बघायला लागली. "पट्टा खूप छान बांधलात मॅडम. आत्मविश्वास दिसला. पेशंटशी नजरानजर होती." मग एक लांब श्वास. "फक्त हात स्वच्छ केल्याचं कुठे आलं नाही."

"केले की! तुझ्यासमोर. तूच म्हणालीस केल्यासारखं करा."

"पण तुम्ही बोलला नाहीत, मॅडम. 'मी आता हात स्वच्छ करते आहे' असं म्हणावं लागतं. नाहीतर मला खूण करता येत नाही." मग शंका विचारल्या नाहीत, तो मार्क गेला. आकडा चुकला, त्याचे चार गेले. शेवटी पुन्हा गोड, "पण तुमचा आवाज फार आश्वासक आहे."

मी म्हटलं, आकडा चुकलेला नाही. कार्डावरचा आकडा कुणी घेतला, सकाळी? तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. आकडा गेल्या वर्षीचा होता. आणि माझ्या आधीच्यांचं काय? माझ्या आधी सोळा जण त्या खुर्चीवर बसून गेले होते, सगळे माझ्यासारखेच शिकवणारे, आणि सगळ्यांनी १३०/८० च्या आसपासच सांगितलं होतं. पाच मिनिटं, शेजारच्या टेबलावरचा गलका, समोर एक हसतमुख गृहस्थ. १३०/८० च असणार, दुसरं काय असतंय! सोळा जणांना पूर्ण चार मार्क.

जॉर्ज मिलर यांनी १९९० साली एक पिरॅमिड काढला, तो प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या तासाला दाखवतात. तळाशी 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं माहीत आहे', त्यावर 'करून दाखवतो' आणि टोकाला 'करतो'. ऑस्की तिसऱ्या पायरीची परीक्षा. मी २६ वर्षं टोकावर बसलेली बाई तिसऱ्या पायरीवर घसरून पडले.

उठता उठता मी तिला जरा तिखटपणेच म्हटलं की आमच्या वेळी असले लाडिक फीडबॅक नसायचे.

"मला आठवतंय मॅडम," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली, टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्ही मला एकदा दिला होतात. वॉर्डात मी पूर्ण केस सांगितली तेव्हा."

"काय म्हणाले होते मी?"

"'हं' म्हणाला होतात." जरा थांबून म्हणाली, "मी आणि माझी रूममेट, आम्ही बरेच दिवस त्याच्यावर चर्चा करत होतो. चांगल्या अर्थी होतं का ते."

मला ती केस आठवत नाही. ती मुलगीसुद्धा वॉर्डात कुठे उभी राहायची ते आठवत नाही. पुढच्या टेबलावर टाके घालायचे होते. मी घातले. काय घातले, कुणास ठाऊक.

चहाच्या सुट्टीत मी काकांना गाठलं. त्यांच्या तब्येतीच्या काळजीने गाठलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर माझे कान गेले की काय या भीतीने गाठलं, आणि माझा आकडा बरोबर होता हे मला सिद्ध करायचं होतं. काका कॉरिडॉरच्या बाकावर एका सहकाऱ्याला आपल्या घराण्याचा इतिहास सांगत होते. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे एक बाई. १९६३ साली हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराची पेशंट व्हायला शिकवलं. "पाय लुळे करून दाखवायची," काका म्हणत होते. "याला म्हणतात रोल! आणि मी काय देतोय, तर हात."

मी म्हटलं, काका, जरा तोच हात द्या पुन्हा.

पाच मिनिटं गप्प बसवलं. खरोखरची पाच. काकांना गप्प बसणं फार जड गेलं. पाय स्वतःहून सरळ ठेवले. उजव्या दंडावर १६४/९६. दोन मिनिटांनी १६६/९६. डाव्यावर १६२/९४.

माझे कान शाबूत होते. मला झालेला आनंद निखळ होता, आणि तो पाच सेकंदसुद्धा टिकला नाही, कारण समोर काका पट्ट्याकडे बघत बसले होते आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच कुठल्याही कार्डावरचा नव्हता.

"एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरत नाही," मी म्हटलं. "पण परत तपासायला हवं, याच आठवड्यात. ओपीडीत या, मी असते. कधी डोकं दुखतं? कुणी आधी सांगितलं होतं का?"

"छे. आम्हाला कोण सांगणार? सगळे कार्डावरचंच सांगतात." मग बरंच थांबून म्हणाले, "शंका विचारणार नाही का?"

"विचारते. काही शंका आहेत का तुम्हाला?"

"हे आत्ता जे आलं, ते माझं ना? पेशंटचं नाही?"

मी हो म्हटलं. त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं, आणि घंटा झाली तसे उठून पुन्हा तिसऱ्या टेबलावर जाऊन बसले. मी परीक्षकाला कार्ड बदलायला सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, आता मधेच बदललं तर सगळ्यांचे मार्क पुन्हा काढावे लागतील, आयोजकांना विचारते. निदान काकांना तिथून उठवा म्हटलं, तर म्हणाली, माणूसच कमी आहे. पावणेपाचपर्यंत त्यांच्या दंडाला पट्टा लागत होता. शेवटच्याने किती सांगितलं ते मी मुद्दाम दारात उभी राहून ऐकलं.

एकशे तीस, ऐंशी.

काका गुरुवारी ओपीडीत येऊन गेले. गोळ्यांचं काय करायचं ते आणखी दोनदा मोजून ठरवू. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी आधी बेसिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नळ सोडला आणि मोठ्याने म्हटलं, "मी आता हात धुते आहे." बाहेरची सिस्टर धावत आत आली, मॅडम बऱ्या आहेत ना बघायला.

गुणपत्रिका अजून माझ्या पर्समध्ये आहे. २० पैकी ११. पहिलीच ओळ, 'हात स्वच्छ केले', पुढे फुली.

केले होते. अंगठेसुद्धा.