११७ प्रथिने बदलली, म्हणून अन्न विषारी ठरते का?

‘जनुकीय बदल केलेल्या मक्यात ११७ प्रथिने बदललेली आढळली, म्हणजेच ते अन्न विषारी आहे आणि सेंद्रिय पिकाचीच प्रथिने मूळ व शुद्ध असतात’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातला आकडा खरा आहे, म्हणूनच त्यावरून काढलेले निष्कर्ष मला जास्त धोकादायक वाटतात.

हा आकडा एनके६०३ या तणनाशक सहन करणाऱ्या मक्यावरील २०१६ च्या अभ्यासातला आहे. त्यात या मक्याची तुलना त्याच्या सर्वांत जवळच्या साध्या वाणाशी केली होती. साध्या वाणांमध्ये आपापसांत एरवी किती तफावत असते, हे मोजलेले नव्हते. ते मोजले की चित्र किती पालटते, हे बटाट्यावरील २००५ च्या अभ्यासात दिसते. बटाट्यातील प्रथिने जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरावर, एका दिशेने विद्युतभारानुसार आणि दुसऱ्या दिशेने वजनानुसार पसरवली की ती वेगवेगळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात; असे १,१११ ठिपके तपासले गेले. त्यांपैकी १,०७७ ठिपक्यांमध्ये निरनिराळ्या वाणांतच लक्षणीय फरक निघाला. जनुकीय बदल केलेला बटाटा आणि त्याचे मूळ वाण यांच्यातला फरक मात्र ७३० पैकी अवघ्या ९ ठिपक्यांपुरता होता.

‘बदललेली’ म्हणजे ‘विषारी’ हेही खरे नाही. मक्याच्या त्या यादीत मुख्यतः वनस्पतीची स्वतःचीच, ऊर्जानिर्मितीशी आणि ताण सोसण्याशी संबंधित प्रथिने होती. त्यांचे प्रमाण कमीजास्त झाले होते.

‘सेंद्रिय’ ही तर लागवडीची पद्धत आहे, बियाण्याची जात नव्हे. एकाच वाणाचा गहू दोन्ही पद्धतींनी घेता येतो आणि सेंद्रिय शेतात नत्र सावकाश मिळत असल्याने दाण्यातले प्रथिन अनेकदा कमीच भरते. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सोयाबीनच्या ३१ नमुन्यांत सेंद्रिय दाण्यांत प्रथिन जास्त निघाले, तसेच जनुकीय बदल केलेल्या दाण्यांत ग्लायफोसेट या तणनाशकाचे अवशेष सापडले, हे मान्यच केले पाहिजे. ते अवशेष ही रास्त चिंता आहे. पण ते फवारणीतून आले, प्रथिनांतून नव्हे.

प्रथिनामुळे खरा धोका उद्भवू शकतो आणि तो सापडलेलाही आहे. ब्राझील नटमधील एका प्रथिनाचे जनुक सोयाबीनमध्ये घातले होते. त्या नटची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तद्रवाशी त्या सोयाबीनची चाचणी घेतली, तेव्हा रक्तातील ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडे नेमकी त्या प्रथिनाला जाऊन चिकटली. १९९६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते सोयाबीन बाजारात आलेच नाही.