थुंकी झेलताना

कुणाची थुंकी झेलायची नाही, हे तत्त्व मी नोकरीत कसंबसं पाळलं. शेवटी झेलावी लागली ती स्वतःचीच, डीएनए चाचणीसाठी, आणि तीही नळीवरच्या रेघेपर्यंत. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. एरवी मी बोलायला लागलो की समोरचा दोन पावलं मागे सरकतो. नळी पुढे आली आणि तोंडाला कोरड पडली.

यथावकाश रिपोर्ट आला. छान, गुळगुळीत होता. पण खाली ‘रॉ डेटा डाउनलोड करा’ असं बटण होतं, आणि मला खपली काढायची सवय आहे.

फाइल उघडली तर सहा लाखांवर ओळी! प्रत्येकीत एक आरएस नंबर (डीएनएतल्या त्या बदलाचा ओळख क्रमांक), गुणसूत्र, त्यावरची जागा आणि शेवटी डीएनएची दोन अक्षरं : एए, सीटी, जीजी. मधूनच नुसत्या दोन आडव्या रेघा, म्हणजे यंत्राला वाचता आलं नाही. माझं अक्षर लागत नाही ही शाळेपासूनची तक्रार. ती इतकी आतपर्यंत गेली असेल असं वाटलं नव्हतं. माणसाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, साधारण ३०० कोटी अक्षरांचा. म्हणजे दर पाच हजारांतलं एखादं अक्षर वाचून कादंबरीचा शेवट सांगायचा.

सांगणाऱ्या वेबसाइट आहेतच. फाइल चढवली की दहा मिनिटांत निकाल. सीवायपी१ए२ नावाचं जनुक म्हणालं, कॉफी सावकाश पचते. एसीटीएन३ हे दुसरं जनुक म्हणालं, वेगवान धावपटूंच्या स्नायूंत सापडणारं एक प्रथिन तुमच्यात तयारच होत नाही. (सुटलेल्या बसमागे मला धावताना पाहिलेल्यांना हे फुकटात माहीत आहे.) आणि त्याखाली लाल अक्षरांत एक दुर्मिळ, गंभीर आजार.

त्या रात्री मी मृत्युपत्राचा मसुदा केला. वाटण्यासारखं फार नसल्यामुळे लवकर आटोपला.

असले रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या जेनेटिक कौन्सेलर बाई शांत होत्या. म्हणाल्या, “तुमचा डीएनए वाचणारी ही चिप नेहमीचे बदल बरे ओळखते, दुर्मिळ बदलांत फसते. २०१८च्या एका अभ्यासात असल्या डेटातून आलेले ४० टक्के बदल पुन्हा तपासल्यावर खोटे निघाले होते.” वैद्यकीय लॅबमध्ये तपासलं. माझाही खोटाच.

आता खरं काय उरलं, म्हणून एबीसीसी११ उघडलं. हे जनुक कानातला मळ ओला की कोरडा ते ठरवतं. फाइलमध्ये माझं सीसी. या जनुकाबद्दलच्या माहितीत मात्र फक्त जी आणि ए. सी कुठे गेला? तासभर डोकं खाजवल्यावर उलगडलं : डीएनएच्या दोन दोऱ्या, एकीवर सी असेल तिथे दुसरीवर जी. फाइल एक दोरी वाचते, माहिती दुसरी. म्हणजे मी जीजी. आणि माहितीनुसार जीजी म्हणजे ओला!

“सापडलं!” मी ओरडलो. “माझ्या कानातला मळ ओला आहे!”

“इयरफोनला विचारायचंस,” बायको म्हणाली. “त्यासाठी थुंकायची काय गरज होती?”

“याच जनुकावर घामाचा वासही ठरतो म्हणे.”

यावर ती काही बोलली नाही. उठली आणि खिडकी उघडून आली.