‘४५० रुपये घेतले आणि पंधरवड्यात पुन्हा तीच बोंब’ : दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुमच्या अभिप्रायातलं म्हणणं थोडक्यात असं: मेकॅनिकल (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) कीबोर्ड एकेक अक्षर दोनदा उमटवत होता, आम्ही दुरुस्तीला आठवडाभर ठेवून घेतला, ४५० रुपये लावले, आणि पंधरवड्यात पुन्हा तीच बोंब. त्यापेक्षा ४०० चा नवा बरा. वर ‘आर्वीत सगळे लुटारूच’ हेही लिहिलंत. बाकीच्या दुकानदारांचं ते बघतील, मी माझ्यापुरतं बोलतो.

जरा बिल काढून पाहा. ए, ई, एन आणि स्पेसबार, या चारच बटणांचे स्विच बदलल्याचं त्यावर लिहिलं आहे. आता तुम्ही तक्रार करता ती टी आणि ओ ची. त्यांना आम्ही हात लावला नव्हता, कारण ‘एवढ्या चारचंच करा, लोकांचे पीकविम्याचे फॉर्म भरायची घाई आहे’ असं तुम्हीच काउंटरवर म्हणालात. बाकीचीही रांगेत आहेत हे तेव्हाच सांगितलं होतं.

रांगेत का, ते अभिप्रायात राहून गेलं. की-कॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, काढल्या तर आतून गंजावर मारायच्या स्प्रेचा वास आला आणि त्या तेलावर कापसाचा भुरका चिकटलेला. स्विचच्या पोटात धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. बटण दाबलं की त्या टेकतात, पण टेकताना क्षणभर थरथरतात. साधारण ५ मिलिसेकंदांपर्यंतची थरथर कीबोर्डाची चिप सोडून देते. पट्टीवर मळ बसला की थरथर लांबते आणि चिपला वाटतं तुम्ही दोनदा दाबलं. स्प्रे मारल्यावर दोन दिवस बरं वाटतं, मळ ओला होऊन सरकतो ना! मग तेलाचा थर मागे राहतो आणि जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या) हंगामात हवेत उडणारं सगळं त्यावर येऊन बसतं. त्यात तुमचं टेबल कूलरच्या तोंडाशी. कंपनी स्विचचं आयुष्य ५ कोटी दाबांचं सांगते, पण ती चाचणी तेल आणि रुई घालून होत नसते.

वेळ लागला तो सुट्या भागापायी. तुमच्या बोर्डाची भोकं बारीक आहेत, त्यात आउटेमू कंपनीच्या बारीक पिनांचेच स्विच बसतात. नागपुरात मिळाले नाहीत म्हणून ऑनलाइन मागवले.

शंका असेल तर घरीच पाहा. तुमच्या बोर्डाचे स्विच सोल्डरिंगशिवाय निघतात. वायर काढून टी चा स्विच पुलरने (स्विच काढायच्या चिमट्याने) सरळ वर ओढा, स्क्रोल लॉकचा तिथे बसवा आणि टी चा स्क्रोल लॉकच्या जागी. टी नीट चालला तर दोष स्विचचा. नाही चालला तर सॉकेटचा (स्विच बसतो त्या खाचेचा) किंवा आतल्या सर्किट बोर्डाचा, तेव्हा इकडे घेऊन या. बसवताना पिना सरळ आहेत ना, एवढं बघा. दहापैकी नऊ जण तिथेच पिन वाकवतात.

काम अडलं असेल तर विंडोजमध्ये फिल्टर कीजमधलं ‘बाउन्स कीज’ चालू करा, लगेच येणारा दुसरा ठोका ते गाळतं. मात्र खरोखर दोनदा दाबायचं अक्षर मग सावकाश दाबावं लागतं. इंग्रजीत ‘अन्नपूर्णा’ लिहिताना एक एन उडाला तर फॉर्मवरचं त्या बाईचं नाव आधारशी जुळणार नाही, आणि शिव्या तुम्हालाच.

सफाईला ब्रश पुरतो. की-कॅप काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा. स्विचसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल; सॅनिटायझर नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल, थिनर, खोबरेल तर मुळीच नको. (खोबरेल घातलेला बोर्डही येऊन गेलाय बरं.) तेल आत मुरलं असेल तर स्विच बदललेलाच स्वस्त.

४०० चा नवा जरूर घ्या, फॉर्म त्याच्यावरही भरले जातात. फक्त त्यात रबराची एकच चादर असते. एक बटण गेलं की अख्खा बोर्ड गेला.

पैसे परत करणार नाही. पण आम्ही बसवलेल्या चारपैकी एकही स्विच दोनदा उमटवत असेल तर तो फुकट बदलून देतो, तुमच्या डोळ्यांदेखत. टी आणि ओ चे फक्त स्विचचे पैसे घेईन, मजुरी नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तो सोडून कधीही या. येताना कीबोर्डाची वायर आणा, मागच्या वेळी ती घरीच राहिली होती.